रुंद मॉनिटर आणि नागपूरवाला

अमेरिकेत बॉथेलला आम्ही राहायला आलो तेव्हा बायकोच्या पासपोर्टवर कामाचा व्हिसा होता आणि माझ्या पासपोर्टवर डिपेंडंटचा. ती एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये संशोधक म्हणून लागली होती. मी पुण्यात एका कंपनीची सर्व्हर रूम सांभाळायचो, ते काम सोडून तिच्याबरोबर आलो. इथे मला नोकरी करता येणार नाही हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. दोघांनी नीट बसून, बोलून ठरवलं होतं. पीएचडीनंतर तिला अशी संधी पुन्हा मिळाली नसती, आणि मलाच तिचं फार कौतुक होतं. मित्रांनी चेष्टा केली ती मी हसण्यावारी नेली.

घरात गाडी एकच. सकाळी मी तिला लॅबपाशी सोडायचो, येताना भाजी घ्यायचो, घरी येऊन स्वयंपाकाची तयारी करायचो. दुपारी लायब्ररीत जायचो किंवा नदीकाठच्या पायवाटेवरून चालून यायचो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एखाद्या काकू विचारायच्या, "आणि तुम्ही कुठे असता?" मी घरी असतो म्हटलं की त्या घाईघाईने मुलांच्या मराठी शाळेबद्दल काहीतरी बोलायला लागायच्या. याची सवय झाली. सवय झाली नाही ती दुसऱ्या एका गोष्टीची.

बायकोच्या लॅबमध्ये आणखी एक मराठी माणूस होता. तिच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, मूळचा नागपूरचा. मी त्याला इथे नागपूरवालाच म्हणतो. पहिल्या आठवड्यात बायको जेवताना सांगायची, "आज त्यांनी मला मायक्रोस्कोपचं बुकिंग कसं करायचं ते दाखवलं. ते म्हणाले, लंच बाहेर घेऊ नकोस, महाग पडतं." मला बरं वाटलं. परक्या ठिकाणी आपलं कोणीतरी आहे, चांगलं झालं. मग एक दिवस भात वाढून घेताना ती म्हणाली, "अरे, तो इतका वेंधळा आहे ना, आज स्वतःचाच चष्मा शोधत होता." 'ते'चं 'तो' झालं होतं. कधी झालं ते तिला कळलं नव्हतं. मला मात्र त्या क्षणी कळलं, आणि माझा घास हातातच राहिला.

एकत्र काम करणारी माणसं एकमेकांना अरे-तुरे करणारच. पुण्याच्या ऑफिसात मीही सगळ्या मुलींना नावाने हाक मारायचो. हे सगळं मी स्वतःला समजावलं. तरी त्यानंतर तिच्या बोलण्यात त्याचा उल्लेख आला की मी ऐकत असायचो तो फक्त तेवढाच भाग. सेंट्रिफ्यूज बिघडलं, बॉस चिडला, काचेच्या बशीतल्या कुठल्याशा सेल्स, म्हणजे पेशी, वाढल्याच नाहीत, यातलं माझ्या डोक्यात काही शिरायचं नाही. तो काय म्हणाला, ती त्यावर काय म्हणाली, आणि दोघं हसली का, एवढंच शिरायचं.

संध्याकाळी मी तिला आणायला जायचो तेव्हा गाडी लॅबच्या दाराच्या अगदी समोर लावायचो. काचेचं दार होतं. आतून ती येताना दिसायची, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा. दोघं चालता चालता बोलत असायची. ती हातवारे करून काहीतरी सांगत असायची, तो मान मागे टाकून हसायचा. दाराबाहेर आल्यावर तो माझ्याकडे बघून हात हलवायचा आणि आपल्या गाडीकडे वळायचा. ती माझ्या गाडीत बसायची, बॅग पायाशी टाकायची, डोळे मिटून म्हणायची, "दमले रे बाई आज." दारातून येताना जो चेहरा मी बघितलेला असायचा, तो गाडीपर्यंत येईतो मावळलेला असायचा. थकलेला माणूस घरच्यांपाशीच थकल्यासारखा दिसतो, हे आज समजतं. तेव्हा वाटायचं, चांगला चेहरा तिकडे आणि उरलेला माझ्या वाट्याला.

दोन हजार सहा साल असावं. लॅबमध्ये नवे मॉनिटर आले आणि जुने ज्याला हवे त्याला न्यायला सांगितले. बायकोने एक आणला. जुना म्हणजे फार जुना नव्हता, चांगला रुंद, चपटा, त्या वेळी नव्यानेच दिसायला लागलेला आडवा आकार. घरी माझ्याकडे एक डेस्कटॉप होता. ऑफिसांचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेला छोटा डबा, त्यावर मी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेली. लॅबचं सॉफ्टवेअरही लिनक्सवरच चालायचं, त्यामुळे त्या डब्यावरून तिला घरी बसून लॅबच्या मशीनवर लॉगिन करता यायचं आणि मायक्रोस्कोपने काढलेले फोटो बघता यायचे. आमच्या छोट्या चौकोनी पडद्यावर त्या फोटोंचा जेमतेम एक कोपरा मावायचा. रुंद मॉनिटरवर पूर्ण फोटो दिसेल म्हणून ती खूष होती.

मी वायर जोडली, मशीन चालू केलं. चित्र आलं, पण ताणलेलं. मशीन अजून जुन्या, जवळजवळ चौकोनी मापाचंच चित्र पाठवत होतं आणि मॉनिटर ते ओढून आपल्या रुंदीवर बसवत होता. अक्षरं आडवी पसरलेली, आमच्या लग्नाच्या फोटोतली दोघंही गुबगुबीत. आम्ही हसलो. मग तिने लॅबचा फोटो उघडला आणि तिचं हसू थांबलं.

"हे चालणार नाही," ती म्हणाली. तिने मला समजावून सांगितलं. या सेल्स काचेला चिकटून पसरलेल्या असल्या की ठणठणीत. मरायला टेकल्या की त्या काच सोडतात आणि गोल होतात. नुसत्या नजरेने गोल किती, पसरलेल्या किती हे बघायचं असतं. या पडद्यावर गोल सेलही पसरलेली दिसत होती. "सगळ्या मेलेल्या मला जिवंत दिसतायत," ती म्हणाली.

मॉनिटरचं स्वतःचं माप आडवे सोळाशे ऐंशी ठिपके आणि उभे एक हजार पन्नास. सेटिंगच्या खिडकीत जी मापं निवडायला मिळत होती, त्यांत हे नव्हतंच. मी म्हटलं, ते आपल्याला हाताने घालावं लागेल.

"उद्या त्याला विचारते," बायको म्हणाली. "लॅबमधल्या माझ्या मशीनवर त्यानेच करून दिलं होतं. पाच मिनिटांत केलं त्याने."

मी म्हटलं, कोणाला विचारायची गरज नाही. हे माझं काम आहे. आवाज जरा चढला असावा, कारण तिने माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला सोडून आलो आणि भाजीची पिशवी ओट्यावर ठेवून सरळ मशीनपुढे बसलो. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. मॉनिटर कोणता, माप काय, चित्र सेकंदाला किती वेळा काढायचं, हे सगळं तो एका साध्या मजकुराच्या फाइलीतून वाचत असे. हव्या त्या मापासाठी आकड्यांची एक लांबलचक ओळ लागायची. ती ओळ तयार करून देणारी एक कमांडही होती. मी ओळ काढली, फाइलीत घातली, चित्राचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. पडदा क्षणभर काळा झाला आणि तेच ताणलेलं चित्र परत आलं. ओळ तपासली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. प्रोग्राम आपल्या नोंदींमध्ये निर्विकारपणे लिहायचा की असं माप उपलब्ध नाही.

असे बरेच दिवस गेले. पुण्यात असतो तर शेजारच्या टेबलावरच्या कोणाला तरी विचारलं असतं. इथे शेजारचं टेबल नव्हतं. मी इंटरनेटवरच्या एका फोरमवर लोकांच्या तक्रारी वाचायचो. त्यांची मशीनं निराळी, त्यांची उत्तरं माझ्या मशीनवर चालायची नाहीत. संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या बायको विचारायची, "झालं?" मी म्हणायचो, होईल. ती पुन्हा त्याचं नाव काढत नव्हती. पण नाव न काढणंही माझ्या कानाला लागायचं. लॅबमध्ये तिचा मॉनिटर पाच मिनिटांत झाला होता, आणि तो माणूस रोज तिच्या शेजारी बसत होता.

त्या सुमारास त्याची बायको भावाच्या लग्नासाठी भारतात गेली होती. तो एकटाच बाहेरचं खातोय म्हणून बायकोने त्याला रविवारी जेवायला बोलावलं. मला विचारून बोलावलं, आणि मीही हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार?

तो आला तो संत्र्याच्या बर्फीचा डबा घेऊन. नागपूरहून कोणाबरोबर तरी आलेला. उंच, किंचित वाकून चालणारा, मोकळा माणूस. आल्या आल्या त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "भाऊ, तुमच्याबद्दल किती ऐकून राहिलो मी रोज," तो म्हणाला. मी त्याला भाऊ म्हणू शकलो नसतो. त्याला ते अगदी सहज जमलं, आणि त्याचाही मला राग आला.

पुऱ्या तळायच्या होत्या. मी कढईपाशी उभा होतो तेव्हा बायको त्याला म्हणाली, "जरा बघतोस का मॉनिटर? हा कितीतरी दिवस त्याच्या मागे लागलाय." तिने मला डोळ्यांनी विचारलं, मी मान डोलावली. तो माझ्या खुर्चीत बसला, ती मागे उभी राहिली. पुरी फुगायची, मी ती उलटायचो, आणि बाहेरून दोघांचा आवाज ऐकू यायचा. काहीतरी लॅबमधलं निघालं, कोणाची तरी नक्कल झाली, ती हसली. ती ज्या हसण्याला तोंडावर हात ठेवते, ते हसू होतं. लग्नाआधी ते मीच आणायचो. दोन पुऱ्या जळल्या. मी त्या तळाशी ठेवल्या आणि वर चांगल्या रचल्या.

थोड्या वेळाने तो आत आला. "भाऊ, तुम्ही सगळं बरोबर केलं आहे," तो म्हणाला. "फाइल मी पाहिली. पण या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. आहे ती बोर्डवरचीच चिप, आणि तिला हे माप माहीतच नाही. लॅबच्या मशीनला कार्ड आहे म्हणून तिथे झालं. तुम्ही कशाला त्रास करून घेऊन राहिले? एक कार्ड टाका, काम संपलं."

बायको म्हणाली, हो ना, घेऊन टाकू. तिच्या दृष्टीने विषय मिटला. कार्ड तिच्या पगारातून येणार, सल्ला त्याचा, आणि मी ते फक्त डब्यात खोचणार. मी म्हटलं, कार्डाशिवायही होईल. तो म्हणाला, त्याला तरी नाही वाटत. वाद घातला नाही त्याने, पुरी घेतली आणि वा म्हणाला. जेवताना त्याने माझ्या बटाट्याच्या भाजीची दोनदा तारीफ केली. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट होती ती माझ्या मनात राहिली. बोर्डवरच्या त्या चिपला हे माप माहीत नाही. म्हणजे माझी ओळ चुकीची नव्हती. मी विनवणी चुकीच्या ठिकाणी करत होतो. चित्राचा प्रोग्राम मापं विचारायला त्या चिपकडे जातो, आणि चिपकडे कारखान्यातून आलेली मापांची ठरावीक जंत्री असते. फाइलीत काहीही लिहिलं तरी तो त्या जंत्रीबाहेर जाणार नाही. मग जंत्रीच बदलली तर?

ते शोधायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी सापडलं. माझ्यासारख्याच वैतागलेल्या कोणीतरी एक चिमुकला प्रोग्राम लिहून ठेवला होता. मशीन चालू झाल्यावर चिपची जंत्री मेमरीत येते, तिथे जाऊन तो एका नको असलेल्या मापावर आपलं माप लिहायचा. मशीन बंद केलं की ते पुसलं जायचं, म्हणून दर वेळी चालू होताना तो आपोआप चालेल अशी सोय करायची. मी पहिल्यांदा चालवला तेव्हा पडदा काळाच राहिला आणि मॉनिटरवर एक छोटी चौकट तरंगायला लागली, हे चित्र माझ्या आवाक्याबाहेर आहे म्हणून. मशीन बंद करून पुन्हा केलं. आधीची माझी ती लांबलचक ओळ फाइलीतून काढून टाकली, नुसतं माप ठेवलं. पडदा काळा झाला, आणि मग चित्र आलं. बारीक, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत. लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं पुन्हा हडकुळे होतो.

मी चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये एक वर्तुळ काढलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप आणून पडद्यावर आडवी धरली, मग उभी धरली. दोन्हीकडे सारखं. घरात कोणी नव्हतं. मी उठून ओट्यापाशी गेलो, पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा मोजलं. अमेरिकेत आल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता, आणि त्या आनंदात पहिला विचार आला तो बायकोचा नव्हता. तो त्याचा होता. नाही वाटत म्हणाला होता ना?

संध्याकाळी मी गाडीत काही बोललो नाही. घरी आल्यावर तिला पडद्यापुढे बसवलं. तिने लॅबचा फोटो उघडला. पूर्ण फोटो, आणि त्यात टपोऱ्या गोल सेल्स. ती पुढे झुकून बघत राहिली. "केलंस तू," ती म्हणाली आणि माझा हात धरला. तो क्षण मला हवा तसाच होता. मग तिने फोन उचलला.

"अरे, ऐक ना," ती फोनवर म्हणत होती, "कार्डाशिवाय झालं. हो, त्याने केलं. काय केलंय मला नाही सांगता येणार, थांब, त्यालाच देते." मी फोन घेतला. तो खरोखर आनंदला होता. कसं केलं, काय केलं, बारकाईने विचारत होता. मी सांगत होतो आणि मनात म्हणत होतो, तिला सगळ्यात आधी यालाच का सांगावंसं वाटलं?

फोन ठेवताना त्याने विचारलं, माझ्या घरच्या मशीनवरही करून द्याल का? त्यानेही तसाच एक मॉनिटर नेला होता आणि त्याचंही चित्र ताणलेलं होतं. त्याच्या घरीही बोर्डवरचीच चिप होती, फक्त आम्हाला दिलेल्या सल्ल्याप्रमाणे स्वतः कार्ड घ्यायला त्याला वेळ झाला नव्हता.

तोवर त्याची बायको भारतातून परत आली होती. एका शनिवारी सेल्सना खाद्य घालायला माझ्या बायकोला आणि त्याला लॅबमध्ये जायचं होतं. सेल्सना शनिवार-रविवार नसतो. मी बायकोला लॅबपाशी सोडलं आणि तसाच त्याच्या घरी गेलो.

त्याच्या बायकोला मी पहिल्यांदाच भेटत होतो. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेली, गंभीर चेहऱ्याची बाई. नागपूरला ती कॉलेजात गणित शिकवायची, हे मला बायकोकडून माहीत होतं. तीही माझ्यासारखीच डिपेंडंट व्हिसावर. मी तिला वहिनी म्हटलं. तिने मला मशीन दाखवलं आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.

काम पटकन झालं. आता सगळं माहीत होतं. चहा घेऊन ती आली तेव्हा पडद्यावर चित्र नीट बसलेलं होतं. तिने बघितलं, छान झालं म्हणाली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. ती खुर्ची ओढून समोर बसली. थोडा वेळ आम्ही थंडीबद्दल बोललो, भारतातल्या लग्नाबद्दल बोललो. मग तिने कप खाली ठेवला.

"एक विचारू का तुम्हाला?" ती म्हणाली. "मी परत आल्यापासून घरात एकच नाव ऐकून राहिले. आज ती असं म्हणाली, उद्या तिचं प्रेझेंटेशन आहे, तिने डब्यात काय आणलं होतं. आधीही ऐकायचे. तुमच्या घरी काय असतं मला माहीत नाही. तुम्हाला काही वाटत नाही?"

मी तयार नव्हतो. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मी मनातल्या मनातही इतका सरळ विचारला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होतो.

"वाटतं," मी म्हटलं. "खूप वाटतं."

तिने श्वास सोडला. "मला वाटलं मीच वेडी आहे," ती म्हणाली. मग सांगायला लागली. तिचा नवऱ्यावर संशय नव्हता. तसं काही नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच कोणाला सांगता येत नव्हतं. आईला सांगितलं तर आई भलतंच समजेल. मैत्रीण म्हणेल, मग प्रश्न काय आहे? तिला कधी कधी कळायचंच नाही की आपल्याला जळफळाट नेमका कोणाचा होतो. माझ्या बायकोचा, की तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा, जे दाखवलं की दार उघडतं. "मी वर्गात शिरले की साठ पोरं उठून उभी राहायची," ती म्हणाली. "आता संध्याकाळी दाराची कडी वाजली की मीच उठून उभी राहते."

मी तिला लॅबच्या काचेच्या दाराबद्दल सांगितलं, आणि जळलेल्या पुऱ्यांबद्दल सांगितलं. पुऱ्यांवर ती हसली. आम्ही दोघं एका बाजूला आणि ते दोघं दुसऱ्या बाजूला, असं क्षणभर वाटून गेलं आणि मी जरा सावरून बसलो. तिलाही ते जाणवलं असावं, कारण ती उठून कप उचलायला लागली.

"मग आता काय करायचं?" तिने पाठमोरं उभं राहून विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, तिलाही माहीत नाही, पण बोलून बरं वाटलं. निघताना तिने मला पोळीत गुंडाळून तिखट चटणी दिली, बायकोसाठी. बायकोसाठी हे तिने मुद्दाम दोनदा सांगितलं.

त्यानंतर जळणं थांबलं असं नाही. पण आणखी कोणीतरी त्याच आगीत आहे हे माहीत असलं की धग जरा कमी लागते. आम्ही चौघं कधी कधी एकत्र जेवायला लागलो. ती दोघं लॅबच्या गप्पांत शिरली की त्याची बायको माझ्याकडे एकदाच बघायची आणि मग वाटीत आमटी वाढायची. पुढे तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मुलांना विनामोबदला गणित समजावायला सुरुवात केली. मी त्या फोरमवर उत्तरं लिहायला लागलो. माझ्यासारखंच मशीन असलेली, ताणलेल्या पडद्यापुढे वैतागून बसलेली माणसं जगात खूप होती. कुठल्या कुठल्या देशांतून धन्यवादाच्या ओळी यायच्या. संध्याकाळी गाडीत मी त्या बायकोला सांगायचो, आणि ती डोळे मिटलेलेच ठेवून म्हणायची, अजून सांग.

वर्षभराने त्याला व्हर्जिनियात दुसरी नोकरी मिळाली. अ‍ॅशबर्नला जाणार होते. आदल्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो, खोकी बांधू लागलो. निघताना दोन्ही बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग तो माझ्या बायकोसमोर उभा राहिला आणि दोघांनाही काय करावं सुचेना. शेवटी त्याने हात पुढे केला, तिने तो हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मी खोक्यावरची चिकटपट्टी दाबत राहिलो.

परतताना गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुला आता बरं वाटत असेल."

मी गाडी चालवत राहिलो. तिला कधीपासून माहीत होतं, मी विचारलं. पुऱ्यांच्या दिवसापासून, ती म्हणाली. वरच्या पुऱ्या संपल्यावर खालच्या तिनेच काढून टाकल्या होत्या.

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली. "तसं काही नव्हतं."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "तरी वाटायचं."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो तसाच राहू दिला. आणि तेव्हाही, तिचा हात माझ्या हातावर असताना, मला वाटलं की हिचे डोळे अजून ओले आहेत.

नंतर माझाही कामाचा व्हिसा झाला. एका कंपनीत मशीनं सांभाळायचं माझं जुनं काम मिळालं, दुसरी गाडी आली, आणि मी संध्याकाळी कोणाच्या दाराशी थांबेनासा झालो. दोन हजार आठच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी फोन वाजला. नागपूरवाला होता. त्याने नवं मशीन घेतलं होतं, त्याहून मोठा मॉनिटर, आणि पुन्हा तेच. माप सापडत नव्हतं. एव्हाना हे काम फार सोपं झालं होतं. जंत्रीत घुसायला नको, काही बंद-चालू करायला नको. मी त्याला तीन कमांडी सांगितल्या. एकीने नवं माप तयार करायचं, दुसरीने ते मॉनिटरला जोडायचं, तिसरीने लावायचं. तो एकेक आकडा मला मोठ्याने वाचून दाखवत होता आणि मी होकार देत होतो. तिकडून त्याच्या बायकोचा आवाज आला, झालं का विचारणारा. तिलाही कामाचा व्हिसा मिळून एका शाळेत नोकरी लागली होती, त्याने सांगितलं.

"झालं, भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही नसता तर मी पुन्हा कार्डच घ्यायला निघालो असतो." आम्ही दोघंही हसलो. मला खरंच बरं वाटलं.

मग त्याने विचारलं, "ती आहे का घरी?"

ती स्वयंपाकघरात होती. मी आत जाऊन फोन तिच्याकडे दिला. तिने ओले हात ओढणीला पुसले, फोन कानाला लावला, आणि पहिल्याच वाक्याला हसली. मला बाहेर जाऊन वर्तमानपत्र वाचायचं होतं. मी कोथिंबिरीची जुडी ओढून घेतली आणि तिथेच उभा राहून निवडायला लागलो.